ग्रंथालयाचा ऑनलाइन ऐवज वाचकांपासून कसा जपावा

'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. एवढा ऐवज सरकारी कॉलेजांच्या दारात आल्यावर तो कुणी वाचून टाकेल, ही भीती रास्त आहे. त्यावर रामबाण उपाय आयपी पत्त्याचा. कॉलेजच्या आयपी पत्त्यांची यादी प्रकाशकाकडे द्यावी आणि स्वस्थ बसावं. मग त्याचं संकेतस्थळ माणूस पाहत नाही, तो कुठल्या जोडणीवरून आला तेवढं पाहतं. ग्रंथालयातल्या संगणकासमोर डुलक्या काढणारा सन्माननीय संशोधक ठरतो; खारेगावात रात्री अकराला मोबाइलवर शोधनिबंध उघडू पाहणारी पीएचडीची विद्यार्थिनी परकी ठरते आणि तिच्याकडे डॉलर मागितले जातात. तिने सकाळी स्लो लोकलने यावं. खारेगावला जवळच्या कळवा स्टेशनात बहुतेक फास्ट गाड्या थांबत नाहीत, ही रेल्वेची आपल्याला मदतच.

खरा धोका रिमोट अ‍ॅक्सेसचा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याच्या केंद्राची 'इन्फेड' नावाची व्यवस्था आहे. तिच्यात पासवर्ड कॉलेजकडे तपासला जातो आणि प्रकाशकाला 'हा आमचाच' एवढी ग्वाही मिळते. म्हणजे माणूस जिथे बसेल तिथे त्याचं ग्रंथालय! तेव्हा बंदोबस्त लॉगिन देतानाच करावा. अर्ज छापील हवा. त्यावर गाइडची सही, विभागप्रमुखांची सही, सोबत फीच्या पावतीची झेरॉक्स. अर्ज स्वीकारण्याची वेळ तीन ते चार. पासवर्ड विसरल्यास नवा पासवर्ड कॉलेजच्याच ईमेलवर पाठवावा, जो उघडायला तोच विसरलेला पासवर्ड लागतो. खाती बंद करताना मात्र एवढी शिस्त नको. पास होऊन गेलेल्यांची नावं राहू द्यावीत, अहवालात आकडा भरगच्च दिसतो.

लॉगिन वाटलं की पासवर्ड गावभर होतो, हा आपला ठेवणीतला आक्षेप. तो अगदीच खोटा नाही. परवाना विद्यार्थी आणि शिक्षकांपुरताच असतो, आणि कुणी एका रात्रीत अंकच्या अंक उतरवले तर प्रकाशक अख्ख्या संस्थेला कुलूप लावू शकतो. पंचाईत अशी, की आयपीवर उघड्या असलेल्या संगणकावर हा उद्योग कुणी केला, ते शोधताना नाकीनऊ येतात. लॉगिन असेल तर माणूस सापडतो आणि त्या एकट्याचंच खातं थांबवता येतं. ज्या भीतीपोटी दार लावलं, तिच्यावर लॉगिन हाच इलाज निघतो. हा मुद्दा ग्रंथालय समितीच्या बैठकीत निघणार नाही, याची दक्षता घ्यावी. वापराचे आकडे कमी का, असं कुणी विचारलंच तर 'विद्यार्थ्यांना वाचनाची आवड राहिलेली नाही' असं लिहून द्यावं. हे कारण दरवर्षी खपतं.

राहता राहिली शोधगंगा. देशभरच्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध तिथे लॉगिनशिवाय, घरबसल्या, फुकट वाचता येतात. तिला आवर घालणं आपल्या हातात नाही. तूर्त तिचा पत्ता नोटीस बोर्डावर लावू नये.