तुरळक ठिकाणी

पालघर जिल्ह्यात ‘तुरळक’ नावाचं एक दुर्दैवी गाव आहे. वादळ तिथेच होतं, वीज तिथेच पडते, गारांनाही तेच सापडतं. मे महिन्यात दुपारी मोबाइल किणकिणतो: येत्या तीन तासांत पालघर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस आणि ताशी 50 ते 60 किलोमीटर वेगाने वारे. वसईच्या एव्हरशाईन सिटीतला माणूस ते वाचतो आणि निर्धास्त होऊन पंखा पाचवर करतो. तुरळक बहुधा जव्हार-मोखाड्याच्या पलीकडे असावं. बिचारे लोक!

हवामान खात्याच्या हिशेबात तुरळक म्हणजे 25 टक्क्यांपर्यंत ठिकाणं. चारांत एक. आमच्या मजल्यावर फ्लॅट चारच आहेत, त्यामुळे असा संदेश आला की चौघंही उरलेल्या तिघांबद्दल मनापासून हळहळतात.

तशाच एका संध्याकाळी, साडेचारच्या सुमारास, मी खाली बाजारात सुके बोंबील निवडत होतो. आगोटीचे दिवस. जूनपासून मासेमारी बंद, म्हणून डबे भरून ठेवायची घाई. मी एकेक बोंबील उन्हात धरून पारखत असताना बोंबीलवाल्या मावशींनी टोपली आवरायला घेतली.

“दादा, घरी जा. तुंगारवर काळं धरलंय.”

मी तुंगारच्या डोंगराकडे पाठ करून पश्चिमेला पाहिलं. लख्ख ऊन. पाऊस समुद्राकडून येतो, हे मी चौथीत शिकलोय आणि त्या ज्ञानात नंतर भर घातलेली नाही. “मावशी, मेसेज आलाय. तुरळक ठिकाणी आहे.”

“असंल. ती ताडपत्री द्या जरा इकडं.”

वळवाचा पाऊस वसईत मागच्या दाराने येतो, हे मला फार उशिरा कळलं. दिवसभर भाजलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, समुद्राचं बाष्प तिला जाऊन मिळतं, सह्याद्रीच्या अंगाला ढगांचे मनोरे उभे राहतात आणि उतरत्या उन्हाला ते किनाऱ्याकडे सरकतात. पाण्याआधी त्या ढगातली गार हवा धाडकन खाली कोसळते आणि धूळ उडवत चहूकडे पसरते. हे सगळं मी वाचलं ते डोकं पुसल्यावर. मावशींनी यातलं काही न वाचता पाच मिनिटांत टोपली बांधली आणि गेल्या.

सव्वापाचला दिवस मावळला. आधी धूळ, मग धुळीत नारळाची झावळी, मग कोणाच्या तरी पाण्याच्या टाकीचं झाकण. शेअर रिक्षा होत्या त्या एका क्षणात ‘स्पेशल’ झाल्या. मी गुलमोहराखाली शिरलो. विजा चमकत असताना झाडाखाली थांबू नये, हे मला पाठ आहे. मुलाकडून मीच घोकून घेतलंय. पण तो धडा विजेचा. मी पावसापासून पळत होतो आणि पावसावर पुस्तकात काही नव्हतं.

इतक्यात चौकातला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स सुटला आणि येऊन माझ्या अंगाभोवती लपेटला. भावी नगरसेवकांनी मला जवळ घेण्याची ही पहिलीच वेळ. वीस मिनिटं मी त्यांच्या छत्राखाली उभा होतो. त्यांच्या कार्यकाळात, म्हणजे जो अजून सुरू व्हायचाय त्यात, एवढं भरीव काम पुन्हा होईलसं वाटत नाही.

फ्लेक्स मिठी मारतो तोवर हसू येतं. 13 मे 2024 ला घाटकोपरच्या छेडानगरला पेट्रोल पंपावर अख्खा फलक कोसळला आणि 17 माणसं गेली. मर्यादा 40 बाय 40 फुटांची, फलक 120 बाय 120 चा. त्याच्या आकाराची लिम्का बुकात नोंदही झाली होती. म्हणजे आपल्याकडे मोजमाप होत नाही, असं म्हणता येणार नाही. मोजतात आणि सर्टिफिकेट देतात. फलक कोसळला त्यानंतर बरोबर आठवड्याने मुंबईत आणि पालघरमध्ये मतदान होतं.

घरी पोचलो तेव्हा वीज गेलेली. एव्हरशाईन या नावावरून विनोद करायची मुभा इथल्या प्रत्येक रहिवाशाला आयुष्यात एकदाच असते. मी ती राहायला आलो त्याच आठवड्यात खर्चून बसलो. सहा मजले चढलो. सोसायटीच्या ग्रुपवर हरवले-सापडलेचं सदर सुरू होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडया बी विंगच्या खिडक्यांवर, बी विंगची चादर जांभळाच्या झाडावर आणि गच्चीवरचे दोन पत्रे पार्किंगमध्ये. पत्र्यांना बोल्ट नव्हते, विटा होत्या. आता विटाही पार्किंगमध्ये होत्या. आणि प्रत्येक संदेशात एकच शब्द: अचानक. त्याच्या जोडीला दुसरा: अवकाळी.

माझी आजी याला वळीव म्हणायची आणि वैशाखात त्याची वाट बघायची. हवामान खात्याच्या दप्तरातही मार्च ते मे हा पूर्वमोसमी हंगाम म्हणून रीतसर नोंदलेला आहे. पण वळीव म्हटलं की कोणीतरी विचारणार, मग फांद्या का नाही छाटल्या? बोल्ट का नाही मारले? आणि छत्री 7 जूनपर्यंत माळ्यावर का? अवकाळी म्हटलं की सगळे सुटतात, मीसुद्धा.

2025 ला तर मोसमी पावसानेच मर्यादा सोडली. मुंबईत यायची त्याची रीतीची तारीख 11 जून. तो 26 मेलाच दारात. 1956 चा 29 मेचा विक्रम मोडून! पावसाळापूर्व कामं साधारण मेअखेर उरकायची असतात. त्यामुळे त्या वर्षी जे नाले उरले, ते साफ झालेच नाहीत असं नव्हे. ते पावसाने स्वतः लक्ष घालून साफ केले. गाळ फक्त रस्त्यावर आणून ठेवला, तपासणीला सोपा जावा म्हणून.

तर दुसऱ्या दिवशी चार वाजता गच्चीवर सोसायटीची तातडीची सभा भरली. फुटलेल्या विटांचा खर्च कोणी करायचा, यावर पाऊण तास गेला. शेवटी ठराव झाला: पत्रेवाल्याला वादळाच्या आधी बोलवायचं. “आधी म्हणजे कधी?” एका शंकेखोराने विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, “मेसेज आला की लगेच.”

तेवढ्यात पंधरा मोबाइल एकदम किणकिणले. सेक्रेटरींनी चष्मा वर करून मोठ्याने वाचलं आणि हसून मोबाइल खिशात टाकला. “तुरळक ठिकाणी.”

पुढचा विषय पार्किंगचा होता. मी सहज कठड्यावरून खाली बाजारात डोकावलो. मावशींची जागा रिकामी होती.