मेंदूचा कौल

मालवणजवळच्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कधी, हे कालनिर्णय नव्हे, देवीचा कौल ठरवतो. त्यामुळे पुण्याच्या २००८ मधल्या एका खून खटल्याचं मालवणकडे कुणाला नवल वाटू नये. आरोपीच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवली आणि गुन्ह्याबद्दलची वाक्यं 'मी हे केलं' अशा थाटात ऐकवली. माणूस गप्प, मेंदू 'बोलला'. सत्र न्यायालयानं इतर पुराव्यांबरोबर हेही ग्राह्य धरलं आणि जन्मठेप झाली.

आमचा गुरव निदान गाऱ्हाणं मोठ्यानं घालतो. देवाला लावलेली कळी उजवीकडून पडली की डावीकडून, हे मागे उभ्या म्हातारीलाही दिसतं. इथे यंत्रावरच्या रेघा वाचणार तज्ज्ञ, अर्थ सांगणार तज्ज्ञ; बाकीच्यांनी नुसतं 'व्हय महाराजा' म्हणायचं! त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्सच्या संचालकांच्या समितीनं ही चाचणी अशास्त्रीय ठरवली. जाणकारांचा कौल डावा, म्हणजे नकाराचा, लागला. पण डावा कौल एका फटक्यात कोण मानतो? पुन्हा गळ घालायची.

२०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, संमतीशिवाय ही चाचणी नको. म्हणजे आता मेंदूला विचारण्याआधी मालकाची सही घ्यायची. देवाकडे मात्र तशी सही अजून कुणी मागितलेली नाही.