नाकापेक्षा मोती जड

हलक्या गळाच्या मासेमारीत सगळ्यात कमी विचार करून विकत घेतली जाणारी वस्तू म्हणजे स्नॅप-स्विव्हल. रॉड घेताना माणूस दुकानात तो वाकवून बघतो, रीळ कानाशी धरून फिरवतो, ल्युअरच्या, म्हणजे नकली आमिषाच्या, रंगावरून दुकानदाराशी तात्त्विक वाद घालतो, आणि पैसे देऊन झाल्यावर निघता निघता म्हणतो, "स्विव्हलचं एक पाकीटही टाका." कुठलं, हे तो सांगत नाही आणि दुकानदारही विचारत नाही. घरी आल्यावर त्या पाकिटातून जे निघतं ते एका कारखान्याने परस्पर लावून दिलेलं लग्न असतं. नवरा स्विव्हल: पितळेचं एवढंसं पिंप, त्याच्या दोन टोकांना दोन कड्या, दोन्ही स्वतंत्र फिरणाऱ्या, म्हणजे खालचा पीळ वर तंगुसात चढू नये. बायको स्नॅप: तारेची उघडमीट करणारी आकडी, म्हणजे गाठ न सोडता ल्युअर बदलता यावं. दोघांची कामं वेगळी, स्वभाव वेगळे आणि वजन मात्र एकत्र. दोन किलो ताकदीचा तंगूस आणि दोन-तीन ग्रॅमचं ल्युअर असा संसार असेल तर या जोडप्याची गरज क्वचित पडते. कधी नुसती बायको पुरते, कधी दोघंही नकोत. निवड करायची तर एकच प्रश्न विचारावा: पाण्यात ओढल्यावर हे ल्युअर गरगर फिरतं, की डुलतं?

डुलणाऱ्यांपासून सुरुवात करू, कारण अन्याय त्यांच्यावर जास्त होतो. लाउरी रापाला या फिनलंडच्या कोळ्याने 1936 साली बुचाच्या लाकडातून एक मासा कोरला, चॉकलेटच्या चांदीने मढवला आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यावर संरक्षक लेप दिला. हा सगळा उपद्व्याप एका निरीक्षणापायी होता. मोठे मासे थव्यातला धडधाकट मासा सोडून जरा लंगडत, अंग टाकत पोहणारा मासा आधी गिळतात. नकली माशाने तसं लंगडावं म्हणून तो माणूस चाकूने एकेक ढलपी काढत बसला. पुढे हेच ल्युअर जगभर गेलं, आणि आपण काय करतो? त्याच्या नाकात पितळेची नथ अडकवतो. दोन ग्रॅमच्या ल्युअरला अर्ध्या ग्रॅमचं जोडपं लावलं तर नथ घालणारीच्या वजनाच्या पाव हिश्श्याची झाली. एवढी नथ घालून कुणी ठुमकत चालेल का? मान खाली घालून सरळ चालेल, आणि ल्युअरही तेच करतं. नाक खाली, चाल सरळ, लंगडणं बंद. माशाच्या दृष्टीने आता तो धडधाकट झाला, म्हणजे सोडून देण्यालायक. अशा ल्युअरला एक तर मोकळ्या फासाची गाठ द्यावी, म्हणजे ते त्या फासात हवं तसं हलेल, किंवा स्विव्हलशिवायचा, गोल नाकाचा, अगदी बारीक स्नॅप लावावा. सेफ्टी पिनेच्या घडणीचा अरुंद स्नॅप नको. त्यात ल्युअरची कडी कोपऱ्यात जाऊन अडते आणि तिथेच बसून राहते.

गरगर फिरणाऱ्यांची गोष्ट खरोखरच वेगळी आहे. मेप्सचा स्पिनर फ्रान्समध्ये 1938 साली निघाला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने नायलॉन जगापुढे आणलं. पीळ घालणारा आणि पीळ खाणारा एकाच वर्षी जन्मले, याला योगायोग म्हणायचं की पत्रिका, ते ज्याने त्याने ठरवावं. पुढे दोघांची गाठही पडली ती अशी की, विस्कॉन्सिनमधल्या अँटिगो गावचा दुकानदार टॉड शेल्डन याच्यापर्यंत पोचणारे स्पिनर फ्रान्सहून पाठवणारी बाई पैशांऐवजी नायलॉनचे पायमोजे मागत असे. मेप्स कंपनी ही कथा स्वतःच आवडीने सांगते. आता स्पिनरचं पातं दांडीभोवती फिरतं, सगळं अंग फिरायला नको, पण पाण्याच्या जोराने अंगही थोडं थोडं वळत राहतं आणि तो पीळ तंगुसात चढतो. इथे स्विव्हल हवं, हे निर्विवाद. वाद आहे तो कुठलं, याचा. दोऱ्याची पीळ परतवण्याची ताकद जाडीच्या चौथ्या घाताने बदलते. 0.4 मिलिमीटरचा तंगूस सोडून 0.2 चा घेतला, की ती ताकद निम्मी होत नाही, थेट सोळाव्या हिश्श्यावर येते. पाकिटातल्या पितळी पिंपाच्या आत धातूवर धातू घासतो. जाड तंगूस त्याला दटावून फिरवतो, बारीक तंगूस मात्र नुसती विनंती करतो आणि अर्ज फेटाळला गेल्यावर स्वतःच पीळ खातो. म्हणजे ज्याला स्विव्हलची सगळ्यात जास्त गरज, त्याचंच ते ऐकत नाही. म्हणून हलक्या गळाला स्पिनर लावायचा तर आत छर्रे असलेलं, बॉल बेअरिंगचं छोटं स्विव्हल घ्यावं. महाग पडतं, पण फिरतं. न फिरणारं स्विव्हल स्वस्तात घेणं म्हणजे बचत, हा समज अर्थशास्त्राच्या कुठल्याच शाखेला मान्य नाही.

यावर अनुभवी मंडळी हसून म्हणतात की काही लावा, पण लावा. स्विव्हल नसलं की तंगुसाचा गुंता होतोच. गुंता होतो हे खरं, गुन्हेगार मात्र चुकीचा पकडला आहे. स्पिनिंग रिळाची फिरकी स्थिर असते आणि तंगूस तिच्याभोवती गुंडाळणारी कमान फिरते. मासा जोर करून तंगूस ओढून नेत असतो, ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, घसरत कर्रर्र वाजत असतो, आणि अशा वेळी आपण उत्साहाच्या भरात हँडल फिरवतच राहिलो तर तंगूस आत काहीच येत नाही, कमानीच्या दर फेऱ्याला एक पीळ तेवढा चढतो. रिळाचा वेग पाचास एक असेल तर हँडलच्या एका फेऱ्याला पाच पीळ, पन्नास फेऱ्यांना अडीचशे. बारीक तंगुसाला ड्रॅग सैल ठेवावाच लागतो, म्हणून हे पाप हलक्या गळावाल्यांच्या हातून सगळ्यात जास्त घडतं, आणि खापर फुटतं ते पलीकडच्या टोकाला लटकलेल्या बिचाऱ्या ल्युअरवर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. नायलॉनचं तसं नाही, त्याचा जातो. ल्युअर सोडून रिकामा तंगूस वाहत्या पाण्यात लांबवर जाऊ द्यावा आणि मग बोटांच्या चिमटीतून हलक्या ताणाने परत गुंडाळावा. फुकटचा उपाय आहे, म्हणूनच तो कुठल्या पाकिटावर छापलेला सापडत नाही.

दुसरा आक्षेप सोयीचा, आणि तो जास्त प्रामाणिक आहे. गाठ मारत बसायचं का? स्नॅप उघडला, ल्युअर बदललं, काम झालं. पण दर दहा मिनिटांनी ल्युअर बदलणाऱ्याची अडचण बहुधा ल्युअरची नसते. मासाच तिथे नसतो, आणि त्यावर पितळेत उपाय नाही. शिवाय गाठ मारण्याचा एक छुपा फायदा आहे. तंगुसाचा शेवटचा वीतभर भाग दगड, काटक्या आणि माशांच्या तोंडात घासून खरबरीत होतो. नवी गाठ मारणारा तो तुकडा कापून टाकतो, स्नॅपवाला सकाळचीच गाठ संध्याकाळपर्यंत वापरतो आणि तंगूस तुटला की माशाचं वजन किलो-दोन किलोने वाढवून सांगतो. एक सवलत मात्र द्यायलाच हवी. चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसाने धरणाच्या काठावर, तिन्हीसांजेला, 0.2 मिलिमीटरचा तंगूस सुईच्या नेढ्याएवढ्या कडीतून ओवावा, अशी अपेक्षा करणं क्रूरपणाचं आहे. त्याला स्नॅप माफ. स्विव्हल अर्थातच नाही. त्याचा डोळ्यांशी काही संबंध नाही.

कुणी म्हणेल, भुकेली मरळ काय नथ बघत बसते? नाही बघत. मरळ पाण्यावरच्या बेडकावर अशी तुटून पडते की तिथे दागिन्यांची चौकशी होत नाही. पण ती जाड तंगुसाची, दणकट रॉडची मासेमारी झाली. स्वच्छ, उथळ नदीपात्रातला महसीर, म्हणजे आपला खडस, चौकस असतो, आणि चकचकीत पितळ त्याने न पाहिलेलं बरं. पाहून तो पळाला तर एक वेळ चालेल. कधी कधी त्या चमकेलाच छोटा मासा समजून कुणीतरी चावतो, आणि तिथे गळ नसतो. म्हणून रंग काळा घ्यावा. ताकद तंगुसापेक्षा थोडी जास्त, एवढीच. दोन किलोच्या तंगुसाला पंधरा किलोचं स्विव्हल लावून सुरक्षितता वाढत नाही, तुटायचा तो तंगूसच आधी तुटतो. आकड्यांच्या नादी लागू नये. स्विव्हलच्या हिशेबात बारा हा सातापेक्षा लहान असतो, एकनंतर आकडा लहान करता येत नाही म्हणून मग एक-शून्य, दोन-शून्य असं मोठं होत जातं, आणि एका कंपनीचा दहा दुसरीच्या दहाशी जुळेलच असं नाही. ज्याने कुणी ही मोजणी शोधून काढली त्याच्याकडून लहानपणी पाढे उलटे पाठ करून घेतले असावेत. पाकिटावरचे किलो वाचावेत आणि ल्युअरशेजारी ठेवून डोळ्यांनी माप घ्यावं. स्पिनरलासुद्धा स्विव्हल अगदी नाकाशी न ठेवता फूट-दीड फूट वर बांधलं तर उत्तम. पीळ तिथे अडतो आणि नाक मोकळं राहतं. मात्र तंगूस गुंडाळताना स्विव्हल रॉडच्या टोकाच्या कडीत घुसवू नये. आतलं चिनी मातीचं कडं तडकतं, आणि मग तंगूस दर फेकीला कातला जातो.

राहिला प्रश्न घरात आधीच साठलेल्या पितळी पाकिटांचा. ती फेकू नयेत. तळाला शिसं टाकून रोहू-कटल्याची वाट बघायची असेल तर सरकत्या शिशाला खाली अडवायला आणि पुढचा तुकडा जोडायला ही पिंपं छान चालतात. तिथे डुलायचं नसतं, फिरायचं नसतं, वजनाचीही कुणाला पर्वा नसते. सगळा मामला एका जागी पडून राहण्याचा असतो, आणि त्या कामाला स्वस्तातलं, न फिरणारं स्विव्हल महागाइतकंच लायक आहे. त्याची स्नॅपवाली बायको तेवढी पक्कडीने आधी वेगळी करावी.