तीन दिवस, दोन रात्री आणि पंचवीस वर्षं

बोरगावच्या माणसाला फुकट काही मिळालं, की तो आधी हात पुढे करतो आणि मग विचारतो, "देवाचं का पुढाऱ्याचं?" जामसावळीच्या मारुतीचा भंडारा असला तर देवाचं, निवडणूक जवळ आली असली तर पुढाऱ्याचं. तिसरा दाता आम्हाला ठाऊक नव्हता. तो नागपूरच्या एका मॉलमध्ये भेटला.

मॉलच्या मधोमध एक चकचकीत मोटार उभी होती. मोटारीभोवती दोरी, दोरीपाशी टॅबलेट घेतलेली एक हसरी मुलगी. "मॅडम, कूपन भरा, पैसे काहीच नाहीत." माझ्या बायकोने भरलं. नाव, मोबाइल, वय, लग्न झालंय का, घर स्वतःचं का, क्रेडिट कार्ड आहे का, वर्षाची कमाई किती. एवढी माहिती आमच्या पटवाऱ्याकडेही नाही. अडलं ते जिल्ह्यापाशी. २०२३च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली काढून आमचा पांढुर्णा जिल्हा झाला, ही बातमी त्या टॅबलेटपर्यंत पोचली नव्हती. "मॅडम, तुम्ही एमपीचे का महाराष्ट्राचे?" मुलीने विचारलं. "बोलतो महाराष्ट्राचं, बिल भरतो एमपीचं," ही म्हणाली. मुलीने छिंदवाडा टाकून प्रश्न मिटवला.

मग यथावकाश फोन आला. "बधाई हो सर! लकी ड्रॉ में आपका नाम निकला है!" मोटार नव्हे, सुट्टी निघाली होती. तीन दिवस, दोन रात्री, नवराबायको आणि दोन मुलं. गोवा, मनाली, महाबळेश्वर, पचमढी, यातलं काहीही निवडा. अट एकच. रविवारी नागपूरच्या अमुक हॉटेलात नव्वद मिनिटांसाठी यायचं, जोडीने यायचं, आणि ओळखीसाठी क्रेडिट कार्ड आणायचं. आधार कार्डावर ज्याची ओळख पटत नाही, असा माणूस मी पहिल्यांदाच झालो.

आईला सांगितलं. "पचमढीले जायाले लॉटरी कायले लागते बापा?" ती म्हणाली. तिचंही खरं. नागपंचमीच्या सुमाराला आमच्याकडची आणि विदर्भातली माणसं नागद्वारच्या यात्रेला पचमढीचे डोंगर चढतात. आईने ते पायी केलंय, भर पावसात, डोक्यावर गाठोडं घेऊन. तिला रिसॉर्ट म्हणजे काय ते समजावताना माझीच दमछाक झाली.

त्या रविवारी काकाजीही आमच्याबरोबर निघाले. त्यांना कळमन्याच्या अडत्याकडून मागची बाकी वसूल करायची होती. काकाजींनी उभं आयुष्य संत्र्याचे बगीचे घेण्यात आणि देण्यात घालवलं. झाडावर फूल दिसलं, की मनात भाव ठरवणारा माणूस. सावनेरला गाडी थांबवून त्यांनी तर्रीपोहे मागवले. "तिथं जेवण आहे ना काकाजी," ही म्हणाली. "म्हणूनच खाऊन घे," काकाजी म्हणाले, "भुकेला माणूस सौद्यात लवकर हो म्हणते."

हॉटेलच्या दारावर नियम आडवा आला, फक्त जोडपी. "मी बोलत नाही, नुसता बसतो," असं सांगून काकाजी आत शिरले. एवढं धडधडीत खोटं ते अडत्याशीसुद्धा कधी बोलले नसतील.

आत गोल टेबलं, फुगे, आणि गाणी इतक्या जोरात, की शेजारच्या टेबलावर काय ठरतंय ते ऐकू येऊ नये. मधूनमधून कोणी घंटा वाजवी, संगीत थांबे, आणि "अमुक परिवार का स्वागत है!" अशी घोषणा होऊन सगळे टाळ्या पिटत. तासाभराने काकाजी माझ्या कानाशी लागले, "हे हिरव्या साडीवालं कुटुंब मघाच एकदा आलं होतं ना परिवारात?"

आमच्या वाट्याला जो पोरगा आला त्याच्या कोटाच्या बाहीवर शिंप्याचं नव्हे, दुकानाचं लेबल अजून तसंच होतं. हिंदीत सुरू झाला.

"सर, आप लास्ट टाइम घूमने कब गए थे?"

काकाजी म्हणाले, "काल. बगीच्यात."

"फॅमिली के साथ?"

"अख्खं खानदान होतं. मोटर जळली होती ना."

पोरगा हसला आणि एकदम मराठीत आला. "मी पण काटोलचा, काकाजी." इथे त्याने स्वतःचाच घात करून घेतला. काटोल म्हणजे संत्रा, आणि संत्र्यात काकाजींना अनोळखी असं कोणी नाही. काटोलात कोणाचा, बगीचा कोणत्या शिवारात, आई कुठली? आई आमच्याकडच्या लोधीखेड्याची निघाली. "मग मी तुझा मामा झालो," काकाजींनी निकाल दिला. पुढची दहा मिनिटं पोरगा गिऱ्हाइकाची माहिती घेण्याऐवजी स्वतःची देत होता. लांबून त्याचा मॅनेजर घड्याळ दाखवू लागला, तेव्हा कुठे तो कागदाकडे वळला.

कागदावर आकडे भराभर उतरले. चांगल्या हॉटेलची खोली रात्रीला सहा हजार, वर्षाला सात रात्री, म्हणजे बेचाळीस हजार. भाडं दरसाल सात टक्क्यांनी वाढणार. पंचवीस वर्षांचे झाले साडेसव्वीस लाख. आणि आमच्या क्लबचं सभासदत्व किती? फक्त चार लाख वीस हजार. बावीस लाखांचा निव्वळ फायदा! ही माझ्याकडे पाहू लागली. बावीस लाख खिशात आल्यासारखा मीही सावरून बसलो.

"देखभालीचं?" काकाजींनी विचारलं.

"ते वर्षाला सतरा हजार, मामाजी. टॅक्स वेगळा."

"अन् तेही सात टक्क्यांनं वाढन?"

"ते कंपनी ठरवेल."

काकाजींनी पोराच्याच हातातून पेन घेतलं. चार लाख वीस हजार बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाचं व्याज एकोणतीस हजार चारशे. त्यात ते सतरा हजार मिळवा, झाले सेहेचाळीस हजार चारशे. सातने भागा. एका रात्रीला सहा हजार सहाशेच्या वर. "तू सांगतलेलं हॉटेल सहा हजाराचं," काकाजी म्हणाले, "अन् हे स्वस्तातलं साडेसहाचं. शिवाय तिथं माझी मुद्दल माझ्यापाशी राह्यते."

त्यानंतर रंग आले. या टाइमशेअरच्या, म्हणजे दरवर्षीच्या ठरावीक रात्री आगाऊ विकण्याच्या धंद्यात वर्षाचे रंग पाडलेले असतात. क्लब महिंद्राने तर १९९६पासून हा व्यापार आपल्याकडे घरोघर नेला. तिथेही पंचवीस वर्षांचं सभासदत्व आणि जांभळा, लाल, पांढरा, निळा असे मोसम आहेत. जांभळ्यात सगळ्यात जास्त गर्दी आणि सगळ्यात जास्त दर, निळ्यात सगळ्यात कमी. आम्हाला निळा परवडत होता. पण मी मास्तर. मला मोकळीक मिळते ती मे महिन्यात आणि दिवाळीत, म्हणजे नेमकी महागड्या रंगात. काकाजींची अडचण आणखी वेगळी. आंबिया बहाराची तोड ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाची फेब्रुवारी-मार्चात. "याच्यात संत्र्याचा रंग कोणता?" त्यांनी विचारलं. पोरगा चार्ट उलटून पाहू लागला, बिचारा.

शेवटी काकाजींनी त्याला त्याच्याच बापाच्या भाषेत समजावलं. "हे पाय भाच्या. बगीचा तुझा, खसरा तुझ्या नावाचा. पंचवीस बहारांचे पैसे मी आज मोजायचे. खत-पाण्याचे दरसाल निराळे द्यायचे. अन् तोडीला आलो, का तू म्हणशील, मामाजी, यंदा झाडं दुसऱ्यानं बुक केले, तुम्ही पुढच्या महिन्यात या. असा सौदा करणारा एक व्यापारी मला भेटला असता ना, तर मी आज धरमपेठेत राह्यलो असतो."

मॅनेजर आला. चार लाख वीसचे दोन लाख नव्वद झाले, पण फक्त आजच्या दिवसापुरते. आम्ही गप्प. त्याच्यावरचा मॅनेजर आला. तीन वर्षांची "ट्रायल", साठ हजार, हप्ते पाडून. मी उठायला लागलो तर काकाजींनी शर्ट धरून खाली बसवलं. "बस, अजून उतरते."

उठणं सोपं नव्हतं, हे मात्र लिहिलं पाहिजे. त्यांचं पनीर आमच्या पोटात, पोरगा लोधीखेड्याच्या माहेरवाशिणीचा, मामाजी-मामाजी करतोय, हिला त्याने "ताई" केलेलं. आपल्याकडे ज्याच्या घरचं पाणी प्यालो त्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. खोली, रिसॉर्ट, मोसम ही सगळी वरची सजावट आहे. त्या हॉलमध्ये आपली भीड विकत घेतात, आणि तिचे पैसेही आपणच देतो. गाणी मोठ्याने लावणं, दोघांना एकत्र बोलावणं, "आजच" म्हणणं, हे सगळं घरी जाऊन दोघांनी शांतपणे बोलू नये यासाठी. युरोपात, जिथे १९६०च्या दशकात आल्प्सच्या बर्फात हा धंदा जन्मला, तिथे कायद्याने आता चौदा दिवस दिलेत. सही केल्यावरही तेवढ्या मुदतीत माणूस कारण न सांगता माघार घेऊ शकतो आणि तोवर कंपनीने दमडी घ्यायची नाही. आपल्याकडे टाइमशेअरचा असा वेगळा कायदा नाही. करारात माघारीची मुदत लिहिली असेल तेवढीच, आणि करार वाचायला मिळतो तो कार्ड घासल्यावर.

सगळेच लबाड, असं मात्र म्हणवत नाही. १९८६मध्ये स्टर्लिंगने कोडाईकॅनलपासून सुरुवात केली तेव्हापासून कितीतरी कुटुंबांनी दरवर्षी डोंगर-समुद्र पाहिले. ज्याची सुट्टी सहा महिने आधी ठरते, मुलं लहान आहेत, आणि व्याजाचा हिशेब ज्याला झोपू देतो, त्याने जरूर घ्यावं. आमच्या बोरगावात पुढच्या आठवड्यात वीज केव्हा येईल तेही ठरलेलं नसतं.

पोराच्या तोंडून एक वाक्य निसटलं तेव्हा मात्र मी ताठ झालो. "मामाजी, सुट्टी नाही वापरली तर शेवटी पैसे वाढून परत." हे महाराष्ट्राने ऐकलेलं आहे. पॅन कार्ड क्लब्ज नावाच्या मुंबईच्या कंपनीने हॉटेलातल्या रात्री अशाच विकल्या. राहा, नाहीतर मुदतीनंतर जास्त रक्कम घ्या. सेबीने फेब्रुवारी २०१६मध्ये ही परवानगी नसलेली सामूहिक गुंतवणूक ठरवून पैसे परत करायला सांगितलं, तेव्हा आकडा निघाला सात हजार कोटींच्या वर आणि माणसं पन्नास लाखांच्या वर. त्यांतल्या बहुतेकांना हॉटेलात राहायचं नव्हतंच. सुट्टी विकणारा व्याजाची भाषा बोलू लागला, की ती सुट्टी राहत नाही.

एवढं होऊनही बक्षिसाचं पाकीट आम्ही घेतलंच. नव्वद मिनिटांचे तीन तास झाले होते; मजुरी तर हवी. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं हिने सावनेरपर्यंत मोठ्याने वाचली. पंचेचाळीस दिवस आधी कळवायचं, तीन तारखा द्यायच्या, शनिवार-रविवार आणि सणवार सोडून. नोंदणीचे तीन हजार नऊशे नव्व्याण्णव. जेवण रिसॉर्टमध्येच सक्तीचं, मोठ्यांना दिवसाला पंधराशे, मुलांना अर्धे. बोरगाव येईतो फुकट सुट्टीचा खर्च साडेसतरा हजार झाला होता, पेट्रोल सोडून. "एवढ्यात तर आई, मी, मुलं, सगळेच जाऊन येऊ," ही म्हणाली.

तसेच गेलो, दिवाळीच्या सुट्टीत, रोख पैसे देऊन. छिंदवाडा, परासिया, तामिया आणि मटकुलीवरून वर. तामियाच्या वळणावर मुलांनी पाताळकोटची खोल दरी पाहिली आणि उलट्या केल्या. धूपगडावर, साडेतेराशे मीटरवर, सातपुड्याच्या सगळ्यात उंच टोकाशी सूर्य बुडताना हजार मोबाइल वर झाले, आणि आईने त्या गर्दीतच नागद्वारच्या दिशेला नमस्कार केला. खोली साधी होती. गरम पाणी बादलीने आणावं लागलं. पुढच्या वर्षी तिथेच यायचं असं आमच्यावर कोणतंही बंधन नव्हतं, ही मोठी सोय.

तर वाचक हो, असा फोन तुम्हालाही येणार. जायला हरकत नाही, जेवण बरं असतं. क्रेडिट कार्ड घरी ठेवा. कराराची कोरी प्रत घरी न्यायला मागा. देत नसतील तर गोड खाऊन उठा. सही होऊन गेली असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा; आणि २०१९च्या ग्राहक कायद्याने आता तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, कंपनीच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. आणि सोबत कोणी हवंच असेल तर आमच्या काकाजींना न्या. आंबिया आणि मृगाची तोड सोडून ते वर्षभर मोकळे असतात. येण्याजाण्याचं भाडं आणि सावनेरचे पोहे तेवढे द्या.