पेपर पीसिंग: होतकरू उमेदवारांसाठी काही कडक सूचना

गोधडी शिवता येते म्हणजे पेपर पीसिंगही येईल, असा समज असलेल्या उमेदवारांनी तो दाराबाहेर चपलांशेजारी काढून ठेवावा आणि मगच आत यावं. गोधडीत जुनी साडी अंथरली, आत धोतरं-परकर घातले, धावदोरा घालत कडेकडून मध्यापर्यंत आलं की काम झालं. एखादं ठिगळ वाकडं बसलं तर ते वाकडेपणानिशी सुखाने नांदतं. पेपर पीसिंगमध्ये ही सोय नाही. कागदावर रेघ असते, रेघेवरूनच टीप जाते, आणि आयुष्यभर अंदाजाने मीठ घालणाऱ्या हातालाही पाव इंच म्हणजे पाव इंचच पाळावा लागतो.

ही पुस्तिका अमेरिकेतल्या त्या मराठी भगिनींसाठी आहे, ज्यांनी शनिवारी सकाळी क्विल्टच्या दुकानामागच्या खोलीत दहा-बारा जणींसोबत मशीन मांडून बसायचं कबूल केलं आहे. घरी एकटीने व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांनी ती वाचू नये. त्यांना सगळं नीट समजेल आणि शेवटी त्यांच्या हाती नुसता ब्लॉक, म्हणजे रजईचा एक चौकोन, लागेल.

आधी इतिहास, कारण खोलीत कोणीतरी तो काढणारच. ब्रिटनमधल्या क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहात १७१८ साल घातलेलं रेशमी तुकड्यांचं एक पांघरूण आहे आणि त्याच्या आतले कागद अजून आतच आहेत. कागद काढायचा कंटाळा आला की हा दाखला द्यावा. अर्थात ती झाली इंग्रजी पद्धत. तिच्यात कागदाच्या आकारावर कापड दुमडून कच्चा टाका घालतात आणि मग कडेला कड लावून हाताने शिवतात. षटकोनांची ‘ग्रँडमदर्स फ्लॉवर गार्डन’ अशीच होते. विमानतळावर किंवा मुलांच्या पोहण्याच्या क्लासबाहेर बसून करायला हे काम उत्तम. खोलीतल्या बायका नुसतं ‘पेपर पीसिंग’ म्हणतात ते मात्र बहुधा दुसरं, म्हणजे फाउंडेशन पेपर पीसिंग. त्यात कापड कागदावर ठेवून कागदासकट मशीनवर टीप मारतात. नावांच्या या गोंधळामुळे पहिल्या दिवशी षटकोनांची पिशवी घेऊन एक तरी बाई येते. तिला हसू नये. दुपारपर्यंत सगळ्यांत जास्त काम तिचंच झालेलं असतं.

नमुना निवडताना नम्र असावं. शेजारची बाई ‘मरिनर्स कंपास’ काढून दाखवेल. त्यात होकायंत्राची सोळा-बत्तीस टोकं असतात आणि एकही बोथट चालत नाही. ‘वा!’ म्हणावं आणि आपण मोजक्या तुकड्यांचं साधं घर घ्यावं. छापताना प्रिंटरला ‘फिट टू पेज’ करू देऊ नये. शंभर टक्के आकारात छापून पानावरचा एक इंची चौकोन फूटपट्टीने मोजावा. तो भरला नाही तर सहा इंची ब्लॉक पावणेसहा भरतो, आणि ते सगळ्यांचे ब्लॉक टेबलावर शेजारी शेजारी मांडल्यावरच कळतं.

नमुना उलटा छापलेला असतो. कापड बसतं कागदाच्या कोऱ्या बाजूला आणि टीप पडते छापील बाजूने, त्यामुळे घराचं धुराडं कागदावर डावीकडे असेल तर तयार ब्लॉकवर ते उजवीकडे जातं. पहिल्या दिवशी हे समजून घेण्याच्या भानगडीत पडू नये. भटजी आचमन करायला सांगतात तेव्हा आपण पळीभर पाणी घेतो, अर्थ विचारत बसत नाही. तसंच करावं.

कापड तिथे ‘फॅट क्वार्टर’ नावाच्या १८ बाय २२ इंची तुकड्यांत मिळतं आणि एकच तुकडा घेऊन बाहेर पडल्याचं उदाहरण नाही. घरात साठलेल्या कापडाला ‘स्टॅश’ म्हणायचं. अर्धवट राहिलेल्या कामांना ‘यूएफओ’. उरलेल्या आयुष्यात शिवून संपणार नाही इतका साठा झाला की तो ‘सेबल’. ही सगळी तिथल्या बायकांनीच पाडलेली नावं आहेत. नवऱ्यासमोर अशीच लघुरूपं वापरावीत, फोड करून सांगू नये.

आईच्या पैठणीच्या ब्लाउजमधून उरलेले तुकडे आणू नयेत. रेशीम घसरतं, जरीला तापलेली इस्त्री सोसत नाही, आणि खोलीतलं काम थांबवून तुम्हाला येवल्यावर व्याख्यान द्यावं लागतं. खणही टाळावा, कारण तिरप्या तुकड्यात त्यावरची नक्षी कुठे तोंड करील याचा भरवसा नाही. तरीही आणणार असाल तर भरपूर आणा. मागितलं जाईल.

आता कृती. पहिला तुकडा कागदाच्या कोऱ्या बाजूवर, सुलट बाजू वर करून, एक नंबरच्या जागेवर ठेवायचा. कागद उजेडाकडे धरून तुकडा चहूकडून पाव इंच बाहेर येतोय ना, हे बघायचं. येत नसतो. मोठा घ्यावा. गोधडीची काटकसर इथे नडते. एक आणि दोनच्या मधल्या रेघेवर जुनं पोस्टकार्ड धरून कागद मागे दुमडायचा आणि बाहेर आलेलं कापड पाव इंच माया ठेवून रोटरी कटरने कापायचं. या कडेला दुसऱ्या तुकड्याची कड जुळवायची, सुलटीवर सुलट. कागद उलगडून पालथा घालायचा आणि छापील रेघेवर टीप मारायची. सुई नव्वद नंबरची, टाका दीड मिलिमीटरचा. बारीक टाक्याने भोकं जवळजवळ पडतात आणि कागद नंतर सहज फाटतो. मग दुसरा तुकडा उलटवून इस्त्री फिरवायची, तीही कोरडी. वाफ दिली की कागद आकसतो.

इथवर काहीच अवघड नाही. पण कधीतरी उलटवलेल्या तुकड्याचा एक कोपरा आपल्या जागेपर्यंत पोचत नाही. ज्वारीच्या दाण्याएवढा कागद उघडा राहतो. खरं शिक्षण इथे सुरू होतं. तोंडातून ‘च्’ निघतं आणि सगळ्या मशीन एकदम थांबतात. एकजण म्हणते, उसव. दुसरी म्हणते, तेवढं मायेत जाईल, चालव. तिसरी खुर्ची ओढून तुमचा कागद स्वतःच्या हातात घेते, उजेडाकडे धरते आणि काही न बोलता परत देते. चौथी तुमच्या कापडाच्या रंगाचं पेन शोधू लागते. चौघींचंही ऐकून घ्यावं, चौघींनाही ‘थँक यू’ म्हणावं आणि उसवावं. एका इंचात सतरा टाके असतात, तेव्हा वेळ पुष्कळ मिळतो. या वेळात चौघींचे घटस्फोट, गुडघे आणि नातवंडं तुम्हाला मुखोद्गत होतात, आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांत आधी पोचण्याचं कारण हेच ठरतं. तुकडा पहिल्या झटक्यात बसवणाऱ्या बाईशी कोणी फारसं बोलत नाही.

चुका काढणाऱ्यांना तिथे ‘क्विल्ट पोलीस’ म्हणतात. हे पोलीस कोण, ते कोणी उघड सांगत नाही. जिला विचाराल ती डोळ्यांनी शेजारणीकडे खूण करते.

शिष्टाचाराचे काही नियम. पंचाहत्तरीच्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारायची, मागे काकू लावायचं नाही. जीभ वळत नाही, पण वळवावी. ‘काकू’चा अर्थ कळला तर त्या खूश होतात आणि मग सगळ्या खोलीला त्याच नावाने हाक मारायला लावतात. सोबत मराठी मैत्रीण असली की ‘अगं, हिची इस्त्री बघ’ अशी कुजबुज करायचा मोह होतो. तो आवरावा. कोपऱ्यातल्या आजींची सून कोल्हापूरची निघते आणि आजींना ‘अगं’ आणि ‘बघ’ दोन्ही कळतं. खाऊ न्यावा, पण चिवडा नको. हळदीची बोटं आणि पांढरं कापड यांची गाठ घालून देऊ नये. शंकरपाळी चालतात. त्यांचा चुरा बॉबिनखाली जातो हे खरं, पण ते उघडकीस येईपर्यंत शंकरपाळी कोणाची होती हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

सगळे तुकडे लागले की ब्लॉक बाहेरच्या रेघेवर कापायचा. आतली रेघ टिपेची. आतल्या रेघेवर कापणाऱ्यांसाठी स्वतंत्र पुस्तिका निघेल. कागद मात्र इतक्यात काढायचा नाही. तुकड्यांच्या कडा बऱ्याचदा उरेब असतात आणि ओढ बसली की ताणतात, म्हणून शेजारचे ब्लॉक जोडले जाईपर्यंत कागद राहू द्यावा. काढायचा दिवस सगळ्यांनी मिळून ठरवावा. प्रत्येकीने स्वतःचा चिमटा आणावा. उसना घेतलेला चिमटा परत जात नाही, हे अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना ठाऊक आहे.

कागद काढण्याच्या आनंदाच्या भरात कोणीतरी ‘डिअर जेन’ या रजईचा विषय काढेल. व्हरमाँटच्या जेन स्टिकल या बाईंनी अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात, १८६३ मध्ये, ती पुरी केली. तिच्यात १६९ ब्लॉक आहेत आणि तुकडे किती ते बाईंनी रजईवरच नोंदवून ठेवलं आहे: ५६०२. बेनिंग्टनच्या संग्रहालयातल्या त्या रजईची नक्कल करण्यात आज कित्येक बायकांची वर्षं जातात, आणि त्यातले बरेच ब्लॉक कागदावर शिवले जातात. ‘आपण सगळ्या मिळून करूया,’ असा ठराव येतो आणि तुमचं घर अजून कागदासकट टेबलावर असतानाच तो टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. अशा वेळी विरोध करू नये. कोणत्या बाईकडे कोणता ब्लॉक, याची वही ठेवायचं काम तत्काळ मागून घ्यावं. वही ठेवणारीच्या नावापुढे ब्लॉक आहे की नाही, हे फक्त वही ठेवणारीलाच माहीत असतं.