मु. पो. सिलिंडर हेड

श्रीयुत सायलेन्सर पॅकिंग यांस,
बेंड पाइपच्या तोंडाशी, पेट्रोलच्या टाकीखाली, हैदराबाद.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपली बदली झाली. सेवेत असताना आपल्या कार्याचा यथोचित गौरव कुणी केला नाही, ती उणीव या जाहीर पत्राने भरून काढावी म्हणतो.

आपलं काम ते काय? इंजिनात जळालेला वायू हेडमधून निघून बेंड पाइपमध्ये शिरतो, तो त्या सांध्यातून बाहेर फुटू द्यायचा नाही. हलायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं दोन लोखंडांच्या मध्ये चेपून बसायचं. सरकारी खात्यातही इतकी बैठी नोकरी मिळत नाही. ती आपल्याला झेपली नाही.

पण गळतीची जागा मात्र काय निवडलीत! हाच धूर मागे सायलेन्सरच्या नळकांड्याशी फुटला असता तर मागच्याच्या नाकात गेला असता, आणि आपला धूर मागच्याला ही या शहराची रीतच आहे. आपण पडलात इंजिनाच्या पुढच्या अंगाला. तिथे केसाएवढी फट पडली की धूर वर चढतो, समोरचा वारा त्याला टाकीच्या दोन्ही अंगांनी मागे ढकलतो, आणि तो गुडघे, जाकीट असं करत हनुवटीखालून हेल्मेटमध्ये येऊन बसतो. काच खाली केली की वस्तीलाच. चालवणारा मी, पेट्रोल माझं, आणि पहिला झुरकाही माझाच.

लपायलाही आपल्याला हैदराबाद मिळालं. काचीगुड्याहून निघायचं, कोठी, लकडी का पूल, मासाब टँक, मेहदीपट्टणम करत गच्चीबावली गाठायची. या वाटेवर धुराला कुणी बापाचं नाव विचारत नाही. पुढे नंबरात ‘झेड’ असलेली आर.टी.सी.ची बस (हा झेड म्हणे निजामाच्या आईच्या, जेहरा बेगमच्या, नावाचा), डावीकडे शेअर ऑटो, उजवीकडे पाण्याचा टँकर. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी ही सेवा सुरू केली, तेव्हापासून हैदराबादकर रस्त्यावर खोकला की बसकडेच बघतो. आपण त्या बसच्या आड उभे राहिलात. डोळे चुरचुरले, बस. डोकं ठणकलं, टँकर. मळमळलं तर घरचे म्हणणार, रात्रीची बिर्याणी.

फक्त एक गोष्ट आपल्या ध्यानात आली नाही. रविवारी सकाळी शेखपेटचा फ्लायओव्हर मोकळा असतो. पुढे बस नाही, ऑटो नाही, आणि वास तोच, तसाच, जिथल्या तिथे. खाली सिग्नलला थांबलो तर आणखी दाट. वारा तोंडावर येत होता. समोरून वारा असताना उभ्या गाडीच्या मागच्या नळीतला धूर उलटा फिरून नाकाशी येत नाही. पळत्या गाडीवर येऊ शकतो हो, मोठी काच आणि मागे पेटी लावलेली असली की स्वाराच्या अंगामागे हवेची पोकळी होते आणि ती मागचा धूर पुढे ओढते. पण माझ्या गाडीला काच नाही, पेटी नाही, आणि गाडी तर उभी. म्हणजे धूर पुढूनच येत होता.

नाकाचीही साक्ष काढली. कच्च्या पेट्रोलचा वास असता तर टाकीचं झाकण, नळी, कॅनिस्टर तपासले असते. तापल्या पाइपवर ऑइल ठिबकत असेल तर कढईतलं तेल करपल्यासारखा जड वास येतो आणि बारीक धूर डोळ्यांना दिसतो. आपला वास या दोन्हींतला नव्हता. कोरडा, तिखट, घशाला खरवडणारा, आणि दिसायला काहीच नाही.

आता आपल्या सर्वांत मोठ्या हितचिंतकाकडे वळतो. मिस्त्री. सकाळी थंड गाडी चालू केली की हेडपाशी टक् टक् टक् असा आवाज यायचा आणि दोन-चार मिनिटांत विरायचा. धातू थंड असतो तेव्हा फट मोठी असते. तापून फुगला की फट आवळते आणि आवाज दबतो. ही आपली दिनचर्या. मिस्त्रीकडे गाडी जायची दुपारी, तापून. त्याला मी आवाजाची नक्कल करून दाखवली. त्याने पान गालात सरकवलं आणि म्हणाला, “टप्पेट है साब, क्या भी टेन्शन नक्को.” टप्पेट सेट झाले. वासाचं काय, असं विचारलं तर हात हलवून अख्खा रस्ता दाखवला, “रोड पे धुआंच धुआं है ना साब.” पुढच्या खेपेला पुन्हा टप्पेट सेट झाले. टप्पेट इतके सेट झाले की त्यांना आता आयुष्यात काही कमी नाही. बिल अर्थात मी भरलं, आपल्या वतीने.

दुसरे हितचिंतक पेट्रोल पंपाजवळ उभ्या असलेल्या प्रदूषण तपासणीच्या व्हॅनमधले. त्यांनी मागच्या नळीत सळई सारली, नंबरप्लेटचा फोटो काढला, चिठ्ठी दिली : पास. का नाही होणार? इंजिनाचा धूर सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. ठोक्याला दाब वाढला की फटीतून धूर बाहेर फुटतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये दाब खाली गेला की त्याच फटीतून ताजी हवा आत ओढली जाते. ती धुरात मिसळून मागे सळईपर्यंत जाते आणि आकडा पातळ करते. म्हणजे आपण जितके जास्त फाटाल, तितका माझा निकाल चांगला. परीक्षार्थीच्या उत्तरपत्रिकेत पाणी घालून मार्क वाढवणारा आपल्याखेरीज दुसरा कुणी मला माहीत नाही.

हीच उसनी हवा आपण ऑक्सिजन सेन्सरलाही पाजलीत. तो बिचारा बेंड पाइपवर बसून धुरात ऑक्सिजन किती उरला ते बघतो आणि त्यावरून पेट्रोल कमी-जास्त करायला सांगतो. आपण आत ओढलेली हवा त्याला लागली, त्याला वाटलं इंजिन उपाशी आहे, त्याने पेट्रोल वाढवलं. मायलेज घसरलं, धुरात विष वाढलं, आणि थ्रॉटल सोडला की सायलेन्सरात न जळलेल्या पेट्रोलचे फटाके. चिकडपल्लीच्या उतारावर माझ्या गाडीची वरात निघायची.

आणि कळस ऐका. माझी गाडी धुराच्या सरकारी मानकांतल्या बी.एस. ६ ची. सुप्रीम कोर्टाने २०१८ सालीच बजावलं होतं की १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ४ गाडी विकायची नाही. कंपन्या धावपळ करत चारवरून थेट सहावर आल्या, पाच गाळूनच. माझ्या गाडीच्या सायलेन्सरात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, प्लॅटिनमच्या जातीचे मौल्यवान धातू लावलेला. त्यातून गेल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा बराचसा कार्बन डायऑक्साइड होतो. हा सारा बंदोबस्त आपल्या पुढे. आपण त्याच्या आधीच दार उघडून दिलंत. शहरासाठी धुतलेला धूर, गाडीच्या मालकासाठी बिनधुतलेला! मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. नाकाला लागतो तो त्याच्या सोबत्यांचा वास. उघड्या रस्त्यावर वारा असतो म्हणून डोकेदुखीवर भागलं. हेच आपण आमच्या इमारतीच्या सेलरमध्ये, शटर खाली ओढून गाडी गरम करणाऱ्या एखाद्याच्या बाबतीत केलंत, तर त्या प्रसंगाला उपरोध पुरणार नाही.

म्हणूनच आपल्याला पकडायला गाडी सेलरमधून बाहेर, गेटपाशी काढली. पहाटे, रात्रभर थंड झालेली. भांड्यांच्या साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीत. तापल्या पाइपवर ते वाफ होऊन उडून जातं, म्हणून घाई होती. सांध्यावर फवारलं, बटण दाबलं. बुडबुडे! फ्लँजच्या खालच्या कडेला, एकाच जागी, ठोक्यागणिक एक. तरी आपल्याला संशयाचा फायदा मिळावा म्हणून वॉचमनने जाड हातमोजा घालून मागची नळी ओल्या फडक्याने क्षणभर दाबून धरली. पाइप सगळीकडून बंद असता तर इंजिन गुदमरून बसायला हवं होतं. ते आपलं चालूच, आणि पुढून फुस्स. वॉचमन म्हणाला, “साब, ये तो आगे से साँस लेरा.” त्याला गॅरेज काढून द्यावं असं मला वाटतं.

दहा नंबरच्या पान्याने दोन नट सोडले आणि आपलं दर्शन झालं. पाऊण गोलाई चकचकीत, नीट दबलेली; उरलेल्या भागावर आतून बाहेर पसरत गेलेला काजळीचा काळा पट्टा, मध्ये बारीकशी चीर. आपली जात एकदाच दबते. एकदा चेपलेली रिंग काढून परत बसवली की ती पुन्हा सांधा भरत नाही, हे मिस्त्रीच्या पोरालाही ठाऊक असतं. गेल्या पावसाळ्यात हेडच्या कामासाठी सायलेन्सर उतरवला होता तेव्हा बिलात ‘पॅकिंग’ लागलं होतं. गाडीला मात्र आपणच लागलात. वर एक नट आधी करकचून आणि दुसरा उरल्यासुरल्या जोरात, त्यामुळे फ्लँज तिरका बसलेला.

नवी रिंग पुतलीबावलीतून आणली. चहा-समोशाच्या पैशांत येते. दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळून घेतले. गाडी तापून थंड झाल्यावर पुन्हा पाना लावला. आता सकाळी टक् टक् नाही. मेहदीपट्टणमला डोळे अजून चुरचुरतात, पण तो धूर रीतसर दुसऱ्यांचा आहे.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. टप्पेटचे पैसे परत मागायला आपल्याला खिशात घालून मिस्त्रीकडे गेलो होतो. पैशांचं तो काही बोलला नाही. आपल्याला मात्र बोटांत धरून उजेडात फिरवून बघितलं आणि म्हणाला, “फेको नक्को साब, मेरेकू देदेव. किसीकू तो भी काम आता.” त्याच्याच पक्कडीने, त्याच्यादेखत आपले दोन तुकडे केले आणि मग दिले.

कळावे, लोभ नसावा ही विनंती.

आपला,
माजी आश्रयदाता