जूनमध्ये गुणी, नोव्हेंबरात भानामती

2024 च्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या लोकसभेच्या 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीला मिळाल्या, तेव्हा मतदान यंत्र अगदी गुणी बाळ होतं. नोव्हेंबरात विधानसभा गेली आणि त्याच्यावर भानामती झाली. आज त्याला ओवाळणाऱ्या भाजपवाल्यांनीही हसू नये. 2009 ची लोकसभा हरल्यावर शंकेखोर तेच होते. विधानसभेनंतर सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडी गावाने मतपत्रिकेवर पुन्हा मतदान करून बघायचं ठरवलं, तर लागली जमावबंदी. यंत्रावर एवढा विश्वास, की पडताळणीचीच भीती! व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेआड 7 सेकंद दिसते. आमच्या अण्णांचे 7 सेकंद चष्मा पुसण्यात गेले. बाहेर येऊन म्हणाले, "कुणाला गेलं ते दिसलं नाही, पण वाजलं मात्र खणखणीत."